पालकाची सभा की पालकांची?

वाचक भगिनीचं पत्र:

"मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचलेलं समजतं, पण लिहायची वेळ आली की हात थबकतो. गेल्या महिन्यात पालकसभेची नोटीस मी टाइप करून फलकावर लावली. वर मोठ्या अक्षरांत 'पेरेंट’स मीटिंग' असं लिहिलं होतं. एक शिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, 'एकाच पालकाला बोलावलंय वाटतं!' सगळे हसले, मीही हसले. पण काय चुकलं ते तेव्हा कळलं नाही आणि विचारायची लाज वाटली. नंतर 'एका मुलीची पुस्तकं' हे मी 'गर्ल्स’ बुक्स' असं लिहिलं, पुस्तकं बरीच आहेत म्हणून. तेही चूक निघालं. आता शब्दाच्या शेवटी एस् दिसला की तो वरचा स्वल्पविराम द्यायचा का, दिला तर अलीकडे की पलीकडे, यातच माझा वेळ जातो. पुढच्या आठवड्यात मुलांच्या कार्यक्रमाची नोटीस काढायची आहे. नियम दोनदा पाठ केले, दोनदा विसरले. वय ४३. हे आता जमेल का?"

ताई,

विनोद बरा होता, सगळ्यांसमोर करायला नको होता. पण त्या वाक्याकडे परत एकदा बघा. तुमच्या अर्ध्याअधिक प्रश्नांचं उत्तर त्यात आहे, आणि ते मराठीत आहे.

'पालकाची सभा' आणि 'पालकांची सभा'. या दोन्हींत तुमची कधी गल्लत झाली आहे? पहिलीत पालक एक, दुसरीत अनेक, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. फरक केवढा, तर 'का'वरच्या एका टिंबाचा. इंग्रजीत हेच काम ती वर लटकणारी खूण करते; फक्त टिंब देऊन नाही, जागा बदलून. (तिला स्वल्पविराम म्हणू नका. तो खाली बसतो. हिचं नाव अपॉस्ट्रॉफी.)

इंग्रजी शब्द मी इथे देवनागरीतच लिहिणार आहे, कारण मुद्दा त्याने जास्त स्पष्ट होतो. 'पेरेंट्स', खुणेशिवाय. 'पेरेंट’स', खूण एस्‌च्या आधी. 'पेरेंट्स’', खूण एस्‌च्या नंतर. आता तिन्ही मोठ्याने म्हणा. फरक ऐकू आला? येणारच नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणारा माणूसही हे तिन्ही अगदी सारखे उच्चारतो, आणि म्हणून लिहिताना तोही चुकतो. ब्रिटनमध्ये भाजीवाल्यांच्या पाट्यांवर साध्या अनेकवचनाला उगाच खूण चिकटवलेली इतकी दिसे की त्या चुकीला 'ग्रीनग्रोसर’स अपॉस्ट्रॉफी' असं नावच पडलं. तेव्हा नियम पाठ करूनही विसरताय यात नवल नाही. मराठी लिहिताना कान मदतीला असतो. इथे कानाचा काही उपयोग नाही, डोळ्यांनीच काम करायचं आहे.

हे असं का झालं ते थोडक्यात सांगते, कारण कारण कळलं की भीती कमी होते असा माझा अनुभव आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा घोळ नव्हता. दगडाला तेव्हा 'स्तान' म्हणत. दगडाचा म्हणजे 'स्तानेस', अनेक दगड म्हणजे 'स्तानास', दगडांचा म्हणजे 'स्ताना'. आपल्या विभक्तीसारखी शब्दाची शेपटी बदलायची आणि ती ऐकू यायची. पुढे त्या शेपट्यांमधले स्वर झिजले आणि सगळीकडे नुसता एस् उरला. सोळाव्या शतकात फ्रेंच छापखान्यांचं बघून इंग्रजीत ही खूण आली. तिचं मूळ काम एवढंच, की इथलं एखादं अक्षर गळलंय हे दाखवायचं. 'स्तानेस'सारख्या रूपातला स्वर गळलेलाच होता, म्हणून ती मालकी दाखवणाऱ्या शब्दांतही शिरली. एकवचनात ती रुळायला सतरावं शतक सरत आलं. अनेकवचनाच्या एस्‌नंतर खूण द्यायची रीत तर अठराव्या शतकाच्या अखेरीस पक्की झाली. म्हणजे तुम्ही अडखळताय ती जागा मुळातच ठिगळ लावलेली आहे.

आता ठिगळ कसं वाचायचं ते. खुणेवर बोट ठेवा, आणि खुणेसकट तिच्या उजवीकडचं सगळं झाका. डावीकडे जो शब्द उरेल तो मालक.

'पेरेंट’स'. झाकल्यावर उरलं 'पेरेंट'. एक पालक. शिक्षक हसले ते याला. 'पेरेंट्स’'. झाकल्यावर उरलं 'पेरेंट्स'. सगळे पालक. तुम्हाला हवं होतं ते हे. लिहितानाही क्रम हाच ठेवा: आधी मालकाचा पूर्ण शब्द लिहा, एक असेल तर एकाचा, अनेक असतील तर अनेकांचा. मग खूण द्या. मग बघा, तुमच्या मालकाच्या शेवटी अनेकवचनाचा एस् आधीच आहे का? असेल तर थांबा. नसेल तर एस् जोडा. एस् आधी की खूण आधी, असा प्रश्नच मग उरत नाही, मालक आधी.

तुमच्या दुसऱ्या चुकीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण ती आळसातून झालेली नाही. 'एका मुलीची पुस्तकं' लिहिताना तुम्ही पुस्तकं मोजलीत. का मोजलीत? मराठी बोलणारा माणूस ती मोजतोच. आपला 'चा' सतत पुढे बघत असतो. मुलीचा डबा, मुलीची वही, मुलीचं पुस्तक, मुलीचे मोजे, मुलीच्या वह्या. मालक तीच, पण वस्तूचं लिंग आणि वचन बघून प्रत्यय पाच वेळा रंग बदलतो. इंग्रजीची खूण पुढे बघतच नाही. तिला वही एक आहे की पन्नास, याच्याशी काही घेणंदेणं नाही. ती मागे वळून फक्त मालकाकडे बघते. म्हणून एक मुलगी आणि पन्नास पुस्तकं असली तरी 'गर्ल’स बुक्स'. दहा मुलींची मिळून एकच खोली असली तरी 'गर्ल्स’ रूम'. तुम्ही मराठीचा नियम प्रामाणिकपणे इंग्रजीला लावलात. मराठीतून इंग्रजी शिकणाऱ्या हुशार माणसांची ही चूक असते, हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही.

एका बाबतीत तर इंग्रजी आपल्याहून सोपी आहे. घोडा म्हटलं की 'घोड्याचा', पाऊस म्हटला की 'पावसाचा', म्हणजे प्रत्ययाच्या आधी शब्दाचं सामान्यरूप करावं लागतं. इंग्रजीत मालकाच्या अंगाला हात लावायचा नसतो. शब्द जसाच्या तसा आणि शेवटी खूण.

मराठीचा आधार घ्या असं मी म्हणते आहे, पण तो आधार दोन ठिकाणी दगा देतो. त्या जागा आधीच दाखवून ठेवते.

पहिली जागा, आदर. 'मुख्याध्यापकांची सही' म्हणताना 'कां'वर टिंब आहे, पण मुख्याध्यापक एकच. 'वडिलांचं नाव' यातही टिंब आहे, आणि वडील अर्थातच एक. हे टिंब संख्येचं नाही, मानाचं आहे. इंग्रजीला हा मान कळत नाही. म्हणून 'प्रिन्सिपल’स सिग्नेचर', आणि फॉर्मवर 'फादर’स नेम'. खूण एस्‌च्या आधी. मी स्वतः इंग्रजी शिकत होते तेव्हा 'माय फादर आर' असं लिहून आले होते. बाबांना 'इज' म्हणायला मन धजेना, एकेरीवर आल्यासारखं वाटे. त्या लाल रेघेचं दुःख मला अजून आठवतं. तर टिंब दिसलं की विचारा: हे टिंब माणसं मोजतंय की मान देतंय?

दुसरी जागा जरा नाजूक आहे. मराठीत 'चा' नसेल तर इंग्रजीत खूण नाही, हे जवळजवळ डोळे मिटून पाळा. 'दोन मुलं आली', 'फाइली हरवल्या', 'पालक बसले आहेत', यांत कुठेही चा-ची-चे नाही, म्हणून 'बॉइज', 'फाइल्स', 'पेरेंट्स', सगळे खुणेविना. नुसतं अनेकवचन करायला खूण कधी लागत नाही. आडनावालाही नाही, घरावर 'द जोशी’स' अशी पाटी दिसते तिथे 'द जोशीज' एवढंच पुरे. १९९०चं दशकही खुणेविना लिहितात, नव्वदनंतर नुसता एस्. (सुट्या लहान अक्षरांचं अनेकवचन हा एक अपवाद आहे, कारण 'ए'ला नुसता एस् जोडला तर तो 'ॲज' शब्द वाटतो. तो तुम्हाला वर्षातून एकदा भेटेल, सोडून द्या.)

पण उलटं खरं नाही. मराठीत 'चा' असला म्हणजे इंग्रजीत खूण असेलच असं नाही. शाळेची बस 'स्कूल बस' असते, 'स्कूल’स बस' नाही. सोन्याची अंगठी 'गोल्ड रिंग', टेबलाचा पाय 'टेबल लेग'. आपला 'चा' सगळ्या कामांना धावतो, मालकी सांगायला, कशापासून बनलं ते सांगायला, कशासाठी आहे ते सांगायला. इंग्रजीत यातल्या बऱ्याच कामांसाठी दोन नामं नुसती शेजारी उभी करतात, किंवा मध्ये 'ऑफ' घालतात. मालक जिवंत असेल, माणूस किंवा प्राणी, तर खूण बहुधा येते. निर्जीव असेल तर आधी खुणेशिवाय जमतंय का बघा. वेळेचे शब्द मात्र निर्जीव असून खूण घेतात, आणि ते तुम्हाला रजेच्या अर्जात लागतील. एका दिवसाची रजा, 'वन डे’स लीव्ह'. दोन दिवसांची रजा, 'टू डेज’ लीव्ह'. दिवसाची, दिवसांची: इथे मराठीचं टिंब पुन्हा इमानदार आहे.

या शेजारी उभं राहण्यामुळेच खुद्द इंग्रजांतही एकमत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकॅडिली लाइनवर लागोपाठ दोन स्थानकं आहेत, 'अर्ल’स कोर्ट' आणि 'बॅरन्स कोर्ट'. पहिल्याला खूण, दुसऱ्याला नाही. अमेरिकेत 'व्हेटरन्स डे' सरकारीरीत्या खुणेविना लिहितात, कारण तो दिवस माजी सैनिकांच्या मालकीचा नाही, त्यांच्यासाठी आहे, असा त्यामागचा विचार. उलट 'मदर’स डे'. तो सुरू करणाऱ्या ॲना जार्विस यांचा आग्रहच होता की खूण एस्‌च्या आधी हवी: जगातल्या समस्त मातांचा दिवस नाही, प्रत्येक घराने आपापल्या एका आईसाठी पाळायचा दिवस. एका खुणेत केवढा अर्थ मावला बघा. आणि हो, यावरून असंही निघतं की तुम्ही नोटिशीवर 'पेरेंट्स मीटिंग' असं खूण न देता लिहिलं असतं, तर ते चालून गेलं असतं. अनेक ठिकाणी तसं लिहितात. न चालणारी जागा एकच होती आणि नेमकी तीच तुमच्या हाती लागली.

आता पुढच्या आठवड्याची नोटीस. मुलांचा कार्यक्रम. मालक कोण? मुलं. मुलांचा इंग्रजी शब्द लिहा: 'चिल्ड्रन'. 'चाइल्ड्स' नाही आणि 'चिल्ड्रन्स' तर मुळीच नाही. 'चिल्ड्रन' हे आधीच अनेकवचन आहे; खरं तर दोनदा झालेलं आहे. जुन्या काळी 'चिल्डर' असं एक अनेकवचन होतं, लोकांना ते पुरेसं अनेकवचनी वाटेना म्हणून त्याला आणखी 'एन' जोडला. 'ऑक्सन'मधला 'एन' तो हाच. तर मालक लिहिला, खूण दिली. शेवटी अनेकवचनाचा एस् आहे? नाही. म्हणून एस् जोडा: 'चिल्ड्रन’स प्रोग्राम'. कुणी 'चिल्ड्रन्स’' लिहिलेलं दिसलं की खुणेपासून पुढचं झाका. उरतं 'चिल्ड्रन्स', आणि असा शब्दच नाही. 'विमेन’स डे', 'मेन’स रूम', 'पीपल’स' यांचं तेच. एस्‌शिवाय अनेकवचन करणारे शब्द इंग्रजीत मूठभर आहेत, मॅनचं मेन, फूटचं फीट, टूथचं टीथ, माउसचं माइस, आणि 'शीप', 'डिअर' तर बदलतच नाहीत. आतला स्वर बदलून होणारी अनेकवचनं आपल्याला विचित्र वाटायला नकोत. आपणही 'मूल'चं 'मुलं' करताना आतला दीर्घ ऊ ऱ्हस्व करतोच की.

'बस'चं 'बसेस', 'स्टोरी'चं 'स्टोरीज', 'नाइफ'चं 'नाइव्ह्ज' ही स्पेलिंगची बाब आहे, ती शब्दकोशात बघून होईल. त्यात शहाणपण खर्च करू नका.

त्यापेक्षा कार्यालयात जास्त नडतात ते न मोजले जाणारे शब्द. 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'इक्विपमेंट', 'होमवर्क' यांना एस् लागत नाही. 'इन्फर्मेशन्स' लिहावंसं वाटलं तर 'माहित्या' असं म्हणून बघा, हात आपोआप थांबेल. पण हाही उपाय सगळीकडे चालत नाही. आपण सल्ले देतो, इंग्रजीत 'ॲडव्हाइस' एकच राहतो. (गेली कित्येक वर्षं या सदरातून मी ढीगभर सल्ले दिले, इंग्रजीच्या हिशेबी त्यांचं अनेकवचन झालंच नाही.) आपल्या बातम्या अनेक, 'न्यूज' मात्र शेवटी एस् असूनही एकवचनी. आपले केस पिकतात, 'हेअर' पिकतो. आणि आपली कात्री एक, त्यांची 'सिझर्स' अनेकवचनी, चष्म्याचंही तसंच. ही यादी तर्काने सुटत नाही, सवयीने सुटते.

राहता राहिला 'इट’स'. इथे चांगले चांगले पडतात. खुणेचा 'इट’स' म्हणजे 'इट इज', खूण गळलेल्या अक्षराची आहे. 'त्याचं' या अर्थाचा 'इट्स' खुणेविना. मालकी आहे तर खूण का नाही, असं तुम्हाला वाटेल. कारण 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'युअर्स', 'देअर्स' ही सगळी सर्वनामं जन्मतःच मालकीची आहेत, त्यांना खूण लागत नाही आणि 'इट्स' त्याच घरातलं आहे. लिहून झाल्यावर त्या जागी 'इट इज' वाचून बघा. अर्थ लागला तर खूण ठेवा. 'हूज'चंही असंच, 'हू इज' वाचून बघा.

सुहास, तेजस, जेम्स, यांच्या नावात एस् असतो पण तो अनेकवचनाचा नसतो. सुहास एकच आहे. म्हणून 'सुहास’स' लिहा, खूण देऊन पुढे आणखी एक एस्. काही वर्तमानपत्रं अशा नावांना नुसती खूण देऊन थांबतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत, फक्त एका कागदावर एकच पाळा. दोघांची मिळून एक वस्तू असेल तर खूण दुसऱ्याला: 'मीरा अँड तेजस’स हाउस'. वस्तू वेगवेगळ्या असतील तर दोघांनाही. 'मीरा आणि तेजसचं घर' म्हणताना मराठीतही आपण 'चं' शेवटीच लावतो, तेव्हा हे तुम्हाला नवं नाही.

४३व्या वर्षी जमेल का, असं विचारलंत. टिंब तुम्ही दोन-तीन वर्षांच्या असल्यापासून देताय. आता ते कुठे सरकलंय एवढंच बघायचं आहे.

उद्या शाळेत गेलात की शिक्षकांच्या खोलीच्या दारावरची पाटी मात्र जरूर वाचा. तिथे 'टीचर’स रूम' लिहिलेलं असेल, तर त्या सरांना जाऊन विचारा, बाकीचे शिक्षक कुठे बसतात?